सरांनी वठवलेला सुरेश

जर्दाळू मी विकत घेत नाही. आवडत नाहीत असं नाही. जून लागला की आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या बायका घरच्या झाडाचे जर्दाळू कागदी पिशव्यांतून आणतात, टेबलावर ठेवून देतात, आणि त्यातला एखादा मी खातेही. पण दुकानात त्यांची रास दिसली की गाडी पुढे ढकलते. पिकलेल्या जर्दाळूला एक गोड, किंचित आंबूस वास असतो. तो आला की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. लाज वाटली की माझं पहिलं तेच होतं, अगदी लहानपणापासून. एवढी वर्षं झाली, आता त्यात काय राहिलंय, असं मी स्वतःला समजावून पाहिलं आहे. उपयोग होत नाही.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या जर्दाळूच्या बागा संपत आल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या. आमच्यासारख्यांच्या एकमेकांना चिकटलेल्या टाउनहाउसांची रांग सरली की मध्येच एखादी बाग लागायची, आणि तिच्या कडेला जमीन विकायची असल्याची पाटी. फळं चिरून लाकडी तबकांवर मांडायची, गंधकाची धुरी द्यायची आणि उन्हात वाळवायची, हे काम जूनभर चालायचं. गाडीच्या काचा खाली असल्या तर तो वास फ्रीवेपर्यंत पाठ सोडायचा नाही. आकाशात ढगाचा तुकडा नाही, टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि जेवणं झाली तरी बाहेर लख्ख उजेड. जून म्हणजे काय याची माझी समजूत त्या गावाने पार मोडून काढली होती.

माझा नवरा सुरेश रोज पूल ओलांडून पलीकडे चिप बनवणाऱ्या एका कंपनीत जायचा. कामात चोख. हे बायको म्हणून सांगत नाही. रविवारी यंत्र अडलं की फोन आमच्याकडेच यायचा. पण दर वर्षी साहेब त्याच्या कामाचा आढावा घ्यायचा तेव्हा एक शब्द ठरलेला असायचा : कम्युनिकेशन. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघं त्याच्या वर जाऊन बसले होते. तुझं म्हणणं लोकांपर्यंत पोचत नाही, असं साहेब त्याला अगदी मायेने सांगायचा, आणि पुढच्या मीटिंगमध्ये सुरेशचंच म्हणणं स्वतःच्या तोंडाने लोकांपर्यंत पोचवायचा.

सुरेशचं इंग्रजी वाईट नव्हतं. सांगलीच्या शाळेत घोटून घेतलेलं, व्याकरणात पक्कं. पण त्याचं बोलणं सुरू होणं हा एक विधीच होता. आधी तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा. मग खिशातली पेनं जागेवर आहेत ना हे बोटांनी चाचपायचा. मग एक आवंढा. मग ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, सर’. हे वाक्य त्याने मुंबईतल्या पहिल्या नोकरीत उचललं होतं आणि ते त्याच्या जिभेवर कायमचं बसलं होतं. त्यानंतरचं बोलणं संथ सुरू व्हायचं आणि शेवटाकडे धावत सुटायचं, जणू कुणी मध्येच थांबवणार आहे. बहुतेक वेळा थांबवायचेच. मग तो एक हसू हसायचा. ओठ मिटलेले, डावा गाल जरा वर. ऑफिसातून आल्यावर बूट काढताना ते हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर असायचं, काढायचं राहून गेल्यासारखं. ते बघितलं की मी कुकर लावायला वळायची. काय झालं म्हणून विचारायची नाही. विचारून दोघांचं जेवण कशाला बिघडवायचं?

लॅबमधल्या एका बाईने मला मिस्टर थॅकवेल यांचं नाव सांगितलं. म्हातारे इंग्लिश गृहस्थ, हॉलिवूडमध्ये हयात गेलेली, आता मुलीच्या घरामागच्या छोट्या खोलीत राहतात आणि लोकांना बोलायला शिकवतात. विमा विकणारे, नवे पाद्री, आणि आता तुमच्याकडचे इंजिनिअरही, असं ती म्हणाली. मी त्याच संध्याकाळी फोन केला.

सिरिल थॅकवेल उंच होते, किंचित वाकलेले, आणि चेहरा असा की कुठेतरी पाहिलाय. हीच त्यांची पोटापाण्याची पुंजी होती. सुपरमार्केटात लोक त्यांना थांबवून विचारत, तुम्ही आमचे दातांचे डॉक्टर होतात का? ते हो म्हणत, आणि आता दात कसे आहेत याची चौकशी करत. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही, यालाच चरित्र अभिनेता म्हणतात, असं ते सांगत. बटलर, वकील, जहाजावरचा डॉक्टर, गावचा पाद्री, खुनाच्या चौकशीतला तिसरा संशयित. नायिका कधी वाट्याला आली नाही, विष मात्र पुष्कळदा आलं, आणि बहुतेक वेळा चहातून, म्हणून मी थर्मासमधून नेलेला चहा ते आधी नाट्यपूर्णपणे हुंगून मग पीत. आम्हाला हा विनोद दर शनिवारी नवा वाटायचा. पंधरा दिवसांत ते आमच्या सगळ्या मराठी गोतावळ्याचे ‘सर’ झाले.

सरांचा तास शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीत असायचा. त्यानंतर आम्हाला वाणसामान आणायला जायचं असायचं, म्हणून मी आणि आमची मुलगी रेवा बाहेर जर्दाळूच्या झाडाखाली बसायचो. रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती गणितं करायची, मी काहीतरी विणायची, आणि उघड्या खिडकीतून आत चाललेलं सगळं ऐकू यायचं. सर सुरेशच्या दातांत बुचाचा तुकडा धरायला लावून त्याच्याकडून बातम्या वाचून घेत. ते त्याला म्हणत, तू वाक्याच्या शेवटी गाडी सुटतेय असा पळतोस. पळू नकोस. मध्ये थांब. लोकांना तुझी वाट बघू दे. ज्याला थांबता येतं त्याच्याकडे सत्ता असते.

सुरेश घरी गॅरेजमध्ये बूच चावत सराव करायचा. एकदा सांगलीहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा तो तसाच धावत आला, आणि त्यांनी मला काळजीने विचारलं की सुऱ्याची दाढ काढली का गं.

सरांची गोष्ट तुकड्यातुकड्यांत कळत गेली. इंग्लंडच्या उत्तरेकडचं कापडगिरण्यांचं गाव, बाप मागावर. शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा लंडनच्या नाट्यशाळेत गेला, आणि तिथे पहिल्या वर्षात त्यांनी त्याच्या तोंडातली गावची बोली काढून टाकली, मुळासकट. पहिल्या सुट्टीत तो घरी आला आणि जेवताना त्याने आईकडे चहा मागितला. आईने त्याच्याकडे बघितलं, आपलं ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन जेवली. पाहुणा आला की ती तसंच करायची. हे सांगताना सर हसत होते, म्हणून आम्हीही हसलो. सुरेशने विचारलं, ती बोली आता बोलून दाखवता का? सरांनी तोंड उघडलं, थोडे थांबले, आणि म्हणाले की त्या गावच्या माणसाची भूमिका मिळाली असती तर नक्की जमलं असतं.

मग फिरत्या नाटक कंपन्या, मग युद्ध. युद्धात ते सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकातून आपल्याकडे आले होते, देवळालीला. तिथल्या एका शिंप्याकडून त्यांनी एक मराठी वाक्य उचललं होतं : ‘उद्या देतो.’ हे ते इतकं अस्सल म्हणायचे, त्यातला ओशाळेपणा, त्यातली थाप, मान वळवणं, सगळं असं साधायचे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झाडाखालून उठून खिडकीत गेले. आत कुणी आपल्याकडचा माणूस आलाय असंच मला वाटलं. आम्हाला केवढं कौतुक! गणपतीत मधूने त्यांना व्यासपीठावर नेऊन ते वाक्य सगळ्यांपुढे म्हणायला लावलं. मधू म्हणजे सुरेशचा मित्र, नागपूरचा, आमच्याच रांगेत राहणारा, बोलण्यात फटकळ आणि अडीअडचणीला पहिला हजर होणारा.

हॉलिवूडमध्ये अशा कानाला किंमत होती. चित्रपटात हिंदुस्थान दाखवायचा असला की खऱ्या हिंदुस्थानी माणसाला बोलवायची पद्धत नव्हती. थॅकवेलना बोलवत, तोंडाला तपकिरी रंग फासत आणि डोक्याला पागोटं गुंडाळत. खानसामा, मुनशी, महाराजांचा ज्योतिषी. एका चित्रपटात ते सुरुवातीला साहेबाचे बटलर होते आणि शेवटी दाढी लावून त्याच साहेबाला भोसकणारे डाकू. सर हे सगळं मोकळेपणाने सांगायचे. आपण सभ्य खिसेकापू आहोत, असंही म्हणायचे. पाद्र्याचा खोकला सासऱ्यांचा, बटलरची चाल बँकेच्या मॅनेजरची, खुन्याची नजर पहिल्या घरमालकिणीची. ज्याचं उचललं त्याला कधी कळलं नाही, कारण माणूस स्वतःला कधी बघतच नाही. आम्ही म्हणायचो, वा.

जानेवारीत ते काही आठवडे लॉस एंजेलिसला गेले. टीव्हीच्या कामाला, बऱ्याच वर्षांनी. त्या काळात अमेरिकेला ब्रिटिश राजवटीतल्या हिंदुस्थानचं मोठं वेड लागलं होतं. हत्ती, पंखे ओढणारे नोकर, पांढऱ्या छत्र्या घेतलेल्या गोऱ्या बायका. तशीच एक तीन भागांची मालिका. परत आले तेव्हा त्यांच्या कानामागे आणि मानेच्या घडीत एक तपकिरी छटा होती. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. मला वाटलं यकृत बिघडलं. रक्त तपासून घ्या म्हणून मी मागे लागले. ते म्हणाले, ऊन लागलं.

त्या वसंतात सुरेशच्या ऑफिसात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. त्याने अर्ज केला. जूनमधल्या एका गुरुवारी त्याला वरच्या चार-पाच बड्या लोकांसमोर उभं राहून बोलायचं होतं. हीच शेवटची संधी, हे तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही, पण घरात दुसरा विषय नव्हता. सर त्याची कसून तयारी घेत होते. एखाद्याने तिरका प्रश्न विचारला, टोमणा मारला, तर तो अंगावरून झटकता आला पाहिजे; दुखलं हे दिसता कामा नये. त्यासाठी त्यांनी त्याला एक वाक्य दिलं होतं : ‘प्लीज. थिंक नथिंग ऑफ इट.’ काही विशेष नाही हो, मनावर घेऊ नका. साधं वाक्य. पण सुरेशला ते जमेना. कधी रागावल्यासारखं व्हायचं, कधी माफी मागितल्यासारखं. सर म्हणत, हे वाक्य वरून खाली यायला हवं, तुझं खालून वर जातंय.

आणि त्या गुरुवारच्या आधीच्याच रविवारी संध्याकाळी सरांच्या मालिकेचा पहिला भाग होता.

आपल्या सरांना टीव्हीवर बघायचं तर सगळ्यांनी एकत्र बघायचं, हे ओघानेच आलं. मी सरांना फोन करून जेवायला बोलावलं. ते म्हणाले, भूमिका फार छोटी आहे, तुम्ही कंटाळाल. मी म्हटलं, कंटाळलो तर गप्पा मारू. ते म्हणाले, थोडी सर्दी आहे. मी म्हटलं, काढा करते. ते जरा थांबून म्हणाले की अशा वेळी आपल्याला एकट्यालाच बसायला आवडतं. मी म्हटलं, ते काही नाही, तुम्ही आलंच पाहिजे. आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि मग पोटभर जेवतो. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा, तिसरा यजमानाला परीक्षेला बसवायचा. मी ती परीक्षा पास झाले. ते येतो म्हणाले.

मधूने सत्कार काढला. कुणाच्या तरी ट्रंकेतून शाल आली. नारळ दुकानात मिळाला तो शेंडी नसलेला, तासून गुळगुळीत केलेला. मधूच्या बायकोने, नीलाने, सावर क्रीम आणि दही फेटून श्रीखंड केलं, मी वडे तळले. मुलांसाठी पिझ्झा. मालिका सुरू व्हायच्या आधी सरांना टीव्हीसमोरच्या सोफ्यावर मधोमध बसवलं, कुंकू लावलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला. मधूने इंग्रजीत छोटं भाषण केलं : ह्यांनी आमच्या सुरेशला वाचा दिली. टाळ्या. सर उठून उभे राहिले, हात जोडले आणि काहीच न बोलता खाली बसले. बोलण्यावर जगलेला माणूस काही बोलला नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. मी वडे आणायला गेले.

अर्ध्या तासाने ते आले. टीव्हीवर. कलेक्टरचा बंगला, व्हरांड्यात साहेब आणि त्याचे मित्र, आणि समोर कचेरीतला हेडक्लार्क. काळा लांब कोट, डोक्याला पगडी, कपाळाला गंध, तोंड तपकिरी. मुलं ओरडली, सर, सर. आम्ही टाळ्या वाजवल्या. क्लार्कला गावातल्या दूषित विहिरीबद्दल साहेबाला काही सांगायचं होतं.

त्याने चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसला. खिशातल्या टाकाला बोटं लावली. आवंढा गिळला.

‘विथ ड्यू रिस्पेक्ट, सर.’

आमच्या टाळ्या कुठेतरी विरल्या. तो बोलत होता, संथ सुरू झाला आणि शेवटाकडे धावू लागला. खोलीत प्रत्येकाने ओळखलं होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याने ओळखलं नसावं अशी आशा करत होता. मग मधूच्या तोंडून निघून गेलं.

“अबे सुरेश, हा तर तूच आहेस बे.”

सगळे हसले. त्याच क्षणी व्हरांड्यातले साहेबही हसले, कारण क्लार्कचं वाक्य पुरं व्हायच्या आत कलेक्टरने जांभई दिली होती. टीव्हीतले ते आणि आमच्या दिवाणखान्यातले आम्ही, एकाच माणसाला, एकाच वेळी. नीलाने मधूला चिमटा काढला, पण तोवर हसून झालं होतं.

मी हसत नव्हते. मी तोंड उघडं टाकून बघत होते. किती हुबेहूब, असं वाटत होतं मला. एखाद्या चांगल्या नाटकात वाटावं तसं. आणि मग क्लार्क हसला. ओठ मिटलेले, डावा गाल जरा वर. चष्मा डोळ्यांवर चढवून तो पाठमोरा झाला आणि पायऱ्या उतरून गेला. बस, एवढीच भूमिका.

ते हसू घरातलं होतं. बूट काढतानाचं. ते मी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं, आणि माझी समजूत होती की ते माझ्याशिवाय कुणी पाहिलेलंही नाही.

सोफ्यावर सर नारळ मांडीवर धरून बसले होते. कपाळावर कुंकू, अंगावर शाल. त्यांची नजर टीव्हीवर नव्हती, समोरच्या भिंतीवरही नव्हती, कुठेच नव्हती. सुरेश जोरात टाळ्या वाजवत म्हणाला, एक्सलंट, सर, एक्सलंट. आणि त्यांच्या वाटीत त्याने आग्रहाने आणखी श्रीखंड वाढलं. यजमान होता ना तो. रेवा कारपेटवरून उठली, पिझ्झ्याची प्लेट घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन खाऊ लागली.

पाहुणे गेल्यावर ती भांडी पुसायला माझ्याजवळ उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, डू आय साउंड लाइक दॅट?”

मी पटकन म्हटलं, “नाही गं, तू नाही.”

मागे जिन्यावर सुरेश उभा होता. तो वर निघून गेला. मी सिंकमधली उरलेली भांडी घासली, ओटा पुसला, मग स्वच्छ असलेला ओटा परत पुसला.

सोमवारी त्याने बरं नाही म्हणून ऑफिसला कळवलं, ते मला फोन करायला लावून. मंगळवारी गेला, पण कुणाशी बोललो नाही असं सांगत आला. घरी फोन वाजला की तो हात मागे घ्यायचा. गुरुवारी मी जाणार नाही, नाव मागे घेतो, असं त्याने मला मराठीत, शांतपणे, जेवताना सांगितलं. मधू येऊन गेला. वहिनी, जीभ हासडून टाकतो माझी, असं माझ्याशी बोलला. सुरेशशी मात्र क्रिकेटवर बोलत बसला.

सोमवारच्या पेपरात मालिकेबद्दल आलं होतं. मालिका रटाळ, पण क्लार्कचं छोटं काम मनातून जात नाही, असा मजकूर, आणि सरांचं पूर्ण नाव. साऱ्या कारकिर्दीत पेपरवाल्यांनी त्यांचं नाव असं पहिल्यांदाच घेतलं असावं. मला राग यायला हवा होता. तो सोपा गेला असता. पण मला दिसत होतं की त्या कामात टिंगल नव्हती. टिंगल साहेबांनी केली, टिंगल आम्ही केली. सरांनी फक्त बघितलं होतं, नीट, आणि बघितलेलं लोकांसमोर ठेवलं होतं. लाज कशाची वाटते ते मला नेमकं सांगता येत नव्हतं. आपला माणूस उघडा पडला याची, की उघडा पडल्यावर तो आपल्याला तसा दिसायला लागला याची. कारण त्यानंतर कितीतरी दिवस सुरेश तोंड उघडायला लागला की मला आधी तो रंगवलेला चेहरा दिसायचा. मीठ दे म्हणाला तरी.

गुरुवारी तो गेला, आणि ती जागा त्याला मिळाली. हे सांगून टाकते, कारण लोक तेवढंच विचारतात. पुढे आम्ही मोठं घर घेतलं, बागा संपल्या, सर दोन वर्षांनी गेले आणि त्यांच्या अंत्यविधीला आम्ही सगळे मराठी लोक मागच्या बाकांवर बसलो होतो. सुरेश तिथे त्यांच्याबद्दल चार शब्द बोलला. त्यांच्या मुलीने मला विचारलं, तुमचे मिस्टर इंग्लंडमध्ये शिकले का? मी हो म्हटलं. काय सांगत बसणार?

पण जून आला की मला आठवतो तो गुरुवार नाही. आदला दिवस, बुधवार संध्याकाळ.

सर चालत आले होते. दार मी उघडलं. त्यांनी हॅट हातात धरली होती आणि ते बसायला तयार नव्हते. सुरेश दिवाणखान्यात उभा राहिला. मी चहा ठेवला होता, तो उकळायला लागला होता, पण मी दारातच थांबले. सर म्हणाले ते आता माझ्या शब्दांत सांगते. ते म्हणाले, आयुष्यभर मी लोकांचं उचललं, कधी विचारलं नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतो आणि मग उचलण्यासारखं काही उरत नाही. क्लार्कचं काम हाती आलं तेव्हा मला नेहमीचं मान डोलावणं वगैरे करायचं नव्हतं. एक खरा माणूस करायचा होता, आणि मला माहीत असलेला तू एकटाच होतास. ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे. म्हणूनच ते जास्त वाईट आहे. रविवारी मी यायला नको होतं, पण तुम्ही बघत असताना निदान त्या खोलीत तरी असावं, एवढंच मला सुचलं. मग ते हॅटची कड बोटांत फिरवत राहिले. म्हातारा माणूस, मान खाली.

सुरेशचा हात चष्म्याकडे गेला. अर्ध्यातच थांबला, आणि खाली आला. तो बोलला नाही. मला वाटलं आता बोलणारच नाही. सर वाट बघत होते, तरी तो थांबलेलाच. मग त्याने मान किंचित तिरकी केली आणि हलकेच, सहज, दुखलं आहे याचा मागमूसही न दाखवता तो म्हणाला,

“प्लीज. थिंक नथिंग ऑफ इट.”

सरांची मान झटकन वर आली. डोळे चमकत होते.

“ब्यूटिफुल,” ते म्हणाले.

निघून गेलं त्यांच्या तोंडून. शिक्षकाच्या निघून जातं तसं. आणि सुरेशचा चेहरा, तीन दिवस बंद असलेला तो चेहरा, उजळला. रिअली, सर, असं त्याने विचारलं. पहिल्यांदा सायकलवर तोल सावरलेल्या मुलाने विचारावं तसं. सर म्हणाले, अगदी तसंच, आता हे विसरू नकोस. दोघंही हसत होते. हसता हसता कशाबद्दल हसतो आहोत हे दोघांना बहुधा एकदमच कळलं. सरांनी हॅट छातीशी धरली. सुरेश तिथून नजर काढून माझ्याकडे वळला.

त्याला माझंही मत हवं होतं. बरं जमलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. जमलं होतं. आवाज सुंदर होता, भरदार, वरून खाली येणारा. तो माझ्या नवऱ्याचा नव्हता. मी मान हलवून हो म्हटलं आणि चहा उतू जातोय म्हणून आत गेले. उतू जात नव्हता.